ओढ्याचा पांढरा दोरा

गेनबा, तू गेल्याचा निरोप घेऊन माळवलीहून माणूस आला, तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो. "आजारी होता तर आधी का नाही कळवलं? आता काय उपयोग?" तो बिचारा टोपी हातात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "आजारी न्हवते, डाक्तर. सकाळी गोठ्यात गेलते, तितंच खाली बसले. आमी उचलायला गेलो तवर सपलं व्हतं." मग कुठे मला त्याला पाणी द्यायचं सुचलं. असा मी. तुला यात नवल वाटायचं कारण नाही, तू माझी बोलणी सगळ्यांत जास्त खाल्लीस.

परवा तुझं तेरावं झालं. वाडीवरून लोणावळ्याला परत आलो तो अजून जागेवर आलेलो नाही. रोगी येतात, जीभ दाखवतात, आणि मी भलतंच काहीतरी विचारत बसतो. म्हणून म्हटलं, जे तुझ्याशी बोलायचं राहिलं ते एकदा लिहून काढावं. तू माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. तरी पहिल्या दिवसापासून मी तुला अरे-तुरे केलं आणि तू मला डाक्तर म्हणत राहिलास. आता गेल्यावर अहो-जाहो सुरू केलं तर तू धोतराचा सोगा तोंडाला लावून हसशील. तेव्हा होतं तेच चालू ठेवतो.

आठवतं ना कसं सुरू झालं ते? हिवतापाच्या पाहणीसाठी आरोग्य खात्यानं मला एक सूक्ष्मदर्शक, काचेच्या नळ्यांची एक पेटी आणि एक मदतनीस नेमायची परवानगी दिली होती. भाजे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत तुमची वाडी. तिथल्या पोरांची पोटं मी चाचपली तर जवळजवळ प्रत्येकाची हिवतापानं वाढलेली पांथरी, म्हणजे प्लीहा, बोटाला लागत होती. कितीतरी पोरांच्या डाव्या कुशीवर डागल्याचे वण होते, कारण पांथरी वाढली की तापलेला विळा टेकवायचा, एवढाच उपाय त्यांच्या आयांना ठाऊक होता. पोरं गुदगुल्या होऊन हसायची, आणि मी तो वण झाकायला त्यांचे सदरे खाली ओढायचो.

इथलं पाणी कोणाला ठाऊक आहे, असं मी चावडीवर विचारलं तेव्हा सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू कोणाची तरी चुकलेली म्हैस शोधून आणली होतीस आणि मांडीपर्यंत चिखलानं माखला होतास. कोणती म्हैस कुठल्या डबक्यात बसते, कुठला झरा कोणत्या महिन्यात आटतो, सगळं तुला तोंडपाठ. लिहायला-वाचायला मात्र येत नव्हतं. मी म्हटलं, चालेल.

पहाटे गोठ्यात जाऊन भिंतीवरचे डास नळीनं ओढायचे, हे पहिलं काम. पहिल्याच दिवशी तू जोरात ओढलंस आणि एक डास गिळलास. "आता मला आतनं ताप भरंल का वं?" असं इतक्या गंभीरपणे विचारलंस की मला पाठ फिरवून हसावं लागलं. दुसरं काम पाण्यातल्या अळ्यांचं. लांब दांड्याचा पांढरा डाव घेऊन तू पाणवठ्यापाणवठ्यावर वाकायचास. साध्या डासाची अळी पाण्याखाली डोकं करून लोंबते, हिवतापाच्या डासाची पाण्याच्या वरच अंग टाकून आडवी पडते, एवढं मी तुला एकदाच दाखवलं. तू त्यांची नावं ठेवलीस, टांगलेल्या आणि निजलेल्या. माझ्या सगळ्या लॅटिन नावांपेक्षा ती बरी होती. पुढे मी स्वतःच्या वहीतही तसंच लिहायला लागलो.

वाद मात्र पहिल्या आठवड्यापासून. डासापासून ताप येतो हे तुला पटायचं नाही. "पर डासाला आदी कोन देतं?" तू विचारलंस. मी म्हटलं, तापकऱ्या माणसाला चावला की त्याच्याकडून घेतो. तू तंबाखू मळत राहिलास. "म्हंजी मानूसच मानसाला देतो. डास निस्ता हमाल." मी तुला सुधारायला गेलो, की डासाच्या पोटात ते जंतू वाढतात, त्याला दिवस लागतात, हमालाचं असं नसतं. तू ऐकून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हमालच म्हणालास. हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. आता विचार करतो तर तुझं बरंचसं बरोबर होतं असं वाटतं, पण तेवढ्यावरून मी हरलो असं समजू नकोस.

आता दोऱ्यांचं. नळ्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या की ओल्या होऊन गळून पडायच्या आणि तुला त्या लिहिताही येत नव्हत्या. तूच तोड काढलीस. घरी वाकळ शिवायला ठेवलेले दोरे आणलेस. गावतळ्याच्या नळीला हिरवा दोरा, विहिरीच्या नळीला लाल, भातखाचराच्या नळीला पिवळा आणि ओढ्याच्या नळीला पांढरा. मला ही युक्ती इतकी आवडली की मी ती दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटलो.

पाऊस सरला, ओढा निवळला, आणि पांढऱ्या दोऱ्याच्या नळ्या निजलेल्या अळ्यांनी भरून यायला लागल्या. मी तुला म्हटलं, चुकलास, दोरा बदलला गेला. वाहत्या स्वच्छ पाण्यात हे डास होत नाहीत, ते घाण साचलेल्या पाण्यात होतात, मी तसं शिकलो होतो. तू "व्हय" म्हणालास आणि गेलास. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी नळ्या ओतून दिल्या. तिसऱ्या खेपेला मात्र माझा तोल गेला. चावडीसमोर, चार माणसांत, मी तुला वाट्टेल ते बोललो. डोळे आहेत की कवड्या, असंही म्हणालो. तू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा होतास.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. पांढऱ्या दोऱ्याच्या नळ्या रिकाम्या येऊ लागल्या, हिरव्या भरलेल्या. मी खूश. "बघ, लक्ष दिलं की जमतं की नाही?" असं म्हणून मी तुला माझ्या हातानं चहा करून दिला. तू तो बशीत ओतून, माझ्याकडे न बघता प्यायलास.

अहवाल गेला. गावतळं हे तापाचं मूळ आहे, ते बुजवावं. मुरूम टाकून तळं बुजवलं गेलं तेव्हा वाडीतले म्हातारे काठावर बसून बघत होते. एकानं विचारलं, "आता म्हशी कुटं बसायच्या, डाक्तर?" मी म्हटलं, ओढा आहे की. मूळच गेलं म्हणून वाडीत क्विनाईन वाटायची फेरीही मी थांबवली. पलीकडच्या गावांना ती जास्त हवी होती. त्या हिवाळ्यात मी फार समाधानात होतो, गेनबा. हे सांगायला आज लाज वाटते.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर तुझी हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. थंडी वाजून, अंग कापून. एरवी वाडीतल्या कोणत्याही बाईनं तो हिवताप म्हणून ओळखला असता. पण वाडीतला हिवताप गेला असं मी स्वतः सांगितलं होतं. तेव्हा हा बाळंतिणीचा ताप असणार, असं समजून तुम्ही तिला शेक-शेगडी दिली, पाणी तोडलं, ओवा-बाळंतशोप चालू ठेवलं. मला बोलावलं ते आठव्या दिवशी. हौसा क्विनाईननं वाचली. बाळ त्याच्या आदल्या दिवशीच गेलं होतं. मुलगी होती. बारसं व्हायचं होतं.

महिनाभरानं तू दवाखान्यात आलास, हातात तो डाव. "चला," एवढंच म्हणालास. मी कुठे म्हणून विचारलं नाही. माळवलीपर्यंत आपण गाडीनं गेलो, तू डाव मांडीवर धरून. तू मला सरळ ओढ्यावर नेलंस. पाणी असं नितळ की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. काठाला गवत वाकलेलं होतं, आणि म्हशींच्या खुरांनी जिथे काठ फुटला होता तिथे पाणी जरा थबकत होतं. तू गवताच्या बुडाशी डाव घातलास आणि माझ्यापुढे धरलास.

"काय हे?" मी विचारलं.

"निजलेल्या."

"ओढ्यात?"

"पैल्यापासनं हितंच हायेत, डाक्तर."

"मग गेल्या साली हिरव्या दोऱ्याच्या नळ्यांत कुठून यायच्या?"

तू डावातलं पाणी हळूच परत ओढ्यात ओतलंस. "ह्याच त्या. पांढरा बांदला की तुमी वरडायचा. मग मी हिरवा बांदाया लागलो. म्हनलं, डाक्तर शिकलेले, कंच्या पान्यात काय आसतंय ते त्यांना ठावं आसंल. माजंच डोळं चुकत आसत्याल."

मी खाली बसलो. तूही बसलास. मला तुझा राग आला होता, हे कबूल करतो. इतका राग की तुला तिथेच ढकलून द्यावंसं वाटलं. मग हौसाचं बाळ आठवलं, आणि ते तुझ्या घरचं होतं हे आठवलं, आणि राग कुठे ठेवावा हेच कळेना. तू दोरा बदललास आणि तुझीच नात गेली. तुला दोरा बदलायला लावला मी, आणि माझं काहीच गेलं नाही.

तेव्हापासून एक गोष्ट मला छळते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्याला वाटतं, आपण बघतो तेच खरं. पण ते बघायच्या आधी कोणीतरी गुडघाभर पाण्यात वाकलेलं असतं. त्या माणसाला जर आपली भीती वाटत असेल, तर भिंगाखाली जे येतं ते आपलंच मत असतं. मी ते मोठं करून बघितलं आणि वर पाठवून दिलं. इंग्लंडातून पुस्तकं मागवून वाचणारा मी, एवढं साधं मला कळायला तुझ्या घरातलं माणूस जावं लागलं.

त्या वर्षी दुसरा अहवाल लिहिला. काठाचं गवत कापायचं, खुरांचे खड्डे भरायचे, दर आठवड्याला ओढ्याला बांध घालून पाणी तुंबवायचं आणि एकदम सोडायचं, म्हणजे अळ्या वाहून जातात. तू ते सगळं वाडीतल्या माणसांकडून करवून घेतलंस. हळूहळू पोरांच्या पांथऱ्या बोटाला लागेनाशा झाल्या. पुण्याला डॉक्टरांच्या सभेत मी ओढ्यातल्या डासांबद्दल बोललो, लोकांनी उठून हात मिळवले. तुझं नाव मी तिथे घेतलं नाही. वेळ कमी होता, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि ते एक वाक्य. वरून पत्र आलं होतं, की गेल्या वर्षीचा निष्कर्ष इतका उलटा कसा निघाला याचा खुलासा द्यावा. अहवालाला जोडून छापायच्या खुलाशात मी इंग्रजीत लिहिलं, की ही चूक गेनबा नावाच्या निरक्षर मदतनिसानं नळ्यांच्या दोऱ्यांची अदलाबदल केल्यामुळे झाली. वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणूनच ते मला लिहिता आलं. पुढच्या हंगामात तुझ्या जागी लिहिता-वाचता माणूस आला. मी तुला सांगितलं, वरचा हुकूम आहे, माझा इलाज नाही. तू मान हलवलीस. मग विचारलंस, "छापलं का वं ते? माजं नाव हाय का त्यात?"

"आहे," मी म्हटलं.

"काय लिवलंय?"

"तू मदत केलीस, असं."

"मग त्यो कागद मला द्या."

मी दिला. तू तो चौपदरी घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलास. मी खिडकीबाहेर बघत होतो.

यानंतरही तू येत राहिलास. माझी नोकरी बदलली, तुझी गेली, तरी वर्षातून दोनदा-तीनदा तू दवाखान्याच्या पायरीवर असायचास. भात निघालं की आंबेमोहोर, वैशाखात पळसाच्या पानातली करवंदं. लढाईत क्विनाईन मिळेनासं झालं तेव्हा मी रोग्यांवर चिडचिड करायचो आणि तू कोपऱ्यात बसून म्हणायचास, "त्यांच्यावर नगा वरडू. त्यांनी का जावा बुडवली?" जावा बेटावरून क्विनाईन येतं आणि ते बेट जपान्यांनी घेतलं, हे मीच कधीतरी तुला सांगितलं होतं. गेल्या दिवाळीत भिंतींवर फवारायच्या नव्या पावडरीबद्दल बोललो, की म्हणे डास बसला की मरतो, वर्षा-दोन वर्षांत हिवताप नाहीसा होणार. तू म्हणालास, "आन् डास शाना झाला म्हंजी?" मी हसलो. तू हसला नाहीस. त्या दिवशी तू उठताना पायरीवर जरा थांबलास, काहीतरी सांगशील असं वाटलं, पण गाडीची वेळ झाली होती. मीही थांबलो होतो. त्या कागदावरचं ते वाक्य माझ्या जिभेवर कितीदा तरी आलं होतं, आणि दर वेळी कोणता ना कोणता रोगी आत यायचा. रोगी नसला की मी एखादा बोलावून घ्यायचो, हे तुला कळत असणारच.

परवा तेराव्याला आलो तेव्हा मांडवात वीस-पंचवीस माणसं होती. हौसा आता थोराड झाली आहे, दोन मुलगे आहेत तिला, केस कानशिलाजवळ पिकलेत. पानं मांडायच्या आधी ती माझ्याजवळ आली आणि घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. घडीवर फाटला होता, मागून कापड चिकटवलं होतं. तिनं सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

"वाचा, डाक्तर. मोठ्यानं वाचा. आबांनी तसं सांगून ठिवलंय."

मी म्हटलं, "हौसा, हे इंग्रजीत आहे. काय लिहिलंय ते तुला..."

"ठावं हाय. माळवलीच्या टेसनमास्तरानं त्याच साली वाचून दावलंय. तुमी वाचा."

त्याच साली! म्हणजे ते सगळे तांदूळ, ती सगळी करवंदं, तो कोपरा, ती पायरी, सगळं तू हे माहीत असताना केलंस. कोणीतरी घोंगडं सारलं, मी त्यावर बसलो आणि वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, मोठ्यानं. निरक्षर हा शब्दही वाचला. लोक तुझं कौतुक ऐकायला सरसावून बसले होते, ते एकमेकांकडे बघायला लागले.

वाक्य संपलं. कागद एवढंच सांगत होता आणि मी तिथे थांबू शकलो असतो. हौसा माझ्यासमोर उकिडवी बसली होती आणि काहीच विचारत नव्हती.

मग मी सांगितलं. पांढऱ्या दोऱ्याच्या नळ्या पहिल्यापासून भरलेल्या होत्या, त्या मी ओतून दिल्या. चावडीसमोर काय काय बोललो, ते सगळं, कवड्यांसकट. तळं तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे बुजलं. क्विनाईनची फेरी मी थांबवली. ओढ्यातला डास या मुलखात पहिल्यांदा पाहिलास तो तू, आणि सभेत हात मिळवून घेतले मी. हौसाकडे बघून म्हटलं, "तुझं बाळ वाचलं असतं, पोरी." त्या माणसांसमोर मी रडलो, गेनबा, नाक पुसायलाही सुचलं नाही.

हौसा रडली नाही. तिनं माझ्या हातातला कागद घेऊन घडी घातली आणि माझ्याकडे न देता स्वतःच्या कमरेला खोचली.

"आबा म्हनले व्हते," ती म्हणाली, "डाक्तर वाचत्याल तेवडं आयकून घे. फुडलं आपनहून सांगितलं तर सांगू दे. न्हाई सांगितलं तर काय इचारू नगं, जेवू घाल आन् टेसनापातूर लावून दे."

मी विचारलं, "त्याला काय वाटत होतं? मी सांगीन असं?"

"त्ये न्हाई बोलले." ती उठली. "पर तुमचं पान दोनी परीनं धराया सांगितलं व्हतं."

ती गेली आणि पान घेऊन आली. भात, वरण, वर तूप. सगळ्यांच्या पंक्तीत, तुझ्या भावाच्या शेजारी. हौसा वाढायला दोनदा आली आणि समोर उभी राहिली. मी सगळं पान संपवलं.